बारावा महिना

करार अकरा महिन्यांचा.
एक जानेवारी ते तीस नोव्हेंबर,
लीट्रिममधली तेवीस एकर, त्यातली सात पाणथळ,
गुरं चारण्यापुरती, नांगर लावायचा नाही.
वकीलबाई दरवर्षी तोच कागद काढतात,
साल खोडून नवं घालतात.
"बारावा महिना मोकळा ठेवायचा, अट्रॅक्टा.
नाहीतर उद्या तो म्हणेल, माझीच आहे."

चाळीस वर्षं मी डर्बीला नर्स होते.
भाऊ गेला, मॅलकी, आणि जमीन माझ्याकडे आली
जशी शेजाऱ्याची म्हातारी मांजर येते :
हाकलवत नाही,
आणि ती काय खाते ते ठाऊक नसतं.

माझ्या कुळात आता मी एकटी.
शेताला मात्र कूळ आहे :
यूनन डेव्हानी. एकोणीस गाई, त्यातली एक लंगडी.

भाड्याचा पहिला हप्ता मेमध्ये, वेळेवर.
दुसरा सप्टेंबरात,
म्हणजे ऑक्टोबरात,
म्हणजे वासरं विकली की.
मग बाजाराच्या दिवशी मी सहज गेल्यासारखी जाते,
तो सहज भेटल्यासारखा भेटतो,
आम्ही हवेबद्दल बोलतो.
माणूस गेल्याची बातमी
त्याच्या माणसांना सांगायचं काम मी पुष्कळदा केलंय.
ते सोपं होतं.

खालच्या वावरात त्यानं गुरं ओल्यात घातली,
खुरांनी चिखल झाला, मी गप्प.
फाटक निळ्या सुतळीनं बांधलंय, तीन वर्षं, मी गप्प.
वरच्या बांधाला ब्रेनन म्हणतो, तुमचा चर तुंबला,
पाणी माझ्यात येतं.
मी यूननला सांगते. यूनन म्हणतो, चर मालकाचा.
कागदात चराचं नावच नाही.

मालक. हा शब्द कुणी मला उद्देशून वापरला
की मी मागं वळून बघते, मॅलकी आला की काय.

स्प्रूस लावणाऱ्या कंपनीचं पत्र आलंय,
चकचकीत कागद, हिरवा रंग.
एकदा विका, हप्ते नकोत, कूळ नको,
पस्तीस वर्षं कुणी हाक मारणार नाही.
पत्र मी बटाट्यांच्या टोपलीखाली ठेवलंय.
फाडलं नाही, एवढं खरं.

गेल्या वसंतात माती तपासून घेतली.
आंबट आहे, म्हणाला अहवाल,
एकरी दोन टन चुना.
यूननला विचारलं. त्यानं टोपी काढली, घातली.
"भाड्याच्या घराला कुणी रंग देतं का?
चुना मुरायला तीन वर्षं लागतात, बाई,
माझ्याकडे अकरा महिने आहेत."
बारा वर्षांत त्यानं मला कधी चुना लावला नाही.
शेतालाही नाही.

लव्हाळा मात्र करार वाचत नाही.
दर उन्हाळ्यात चार पावलं पुढे सरकतो.

वकीलबाईंना म्हटलं, पाच वर्षांचा करू या का?
त्यांनी चष्मा उतरवला.
"तुम्ही सत्त्याहत्तर वर्षांच्या आहात."
कुणाच्या बाजूनं बोलल्या, कळलं नाही.

आता डिसेंबर. माझा महिना.
गुरं त्याच्या गोठ्यात, शेत रिकामं,
साडेतीनला उजेड संपतो.
गमबूट घालून मी माझ्या मालकीत फिरते,
करण्यासारखं काही नसतं.
गवत वाढत नाही, हद्द हलत नाही,
एक बगळा, तोही परक्यासारखा.

खालच्या वावरात पावलं दिसली.
माझी नव्हेत. मोठी, डाव्या टाचेत खिळा.
तिथपासून चरापर्यंत गेलेली.
चर उपसलेला, पार ब्रेननच्या बांधापर्यंत.
पाणी धावतंय, तपकिरी, घाईत.
काठावर फावडं रोवलेलं.
त्याला इथं यायचा हक्क नाही या महिन्यात.
कागदात तसं स्पष्ट आहे.

फावडं उपटलं. जड होतं.
फाटकापर्यंत वाहून नेलं, पत्र्याखाली उभं केलं,
पाऊस लागू नये म्हणून.
निळी सुतळी सोडली, पुन्हा बांधली.
भाड्यात हे कुठं मांडायचं,
अजून ठरवलेलं नाही.